गुंतू नकोस म्हणतात, मग माया कशी ठेवायची?

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून वर्षापूर्वी एका खासगी रुग्णालयाच्या कॅन्सर वॉर्डात लागले. ३० खाटा, बारा तासांची नाइट, आम्ही दोघी. सिनियर सिस्टर सांगतात, पेशंटमध्ये गुंतू नकोस, गुंतलीस की संपलीस. ट्रेनिंगमध्ये मात्र करुणेवर लेक्चर झालं होतं. मध्यंतरी माझ्या ड्यूटीत एक काकू गेल्या. माझ्याएवढी मुलगी होती त्यांना. दोन दिवस मला काही सुचलं नाही. कुणाचं ऐकायचं? आणि नातेवाईक मोबाइल नंबर मागतात, तो द्यावा का?"

तुझ्या सिनियर सिस्टरांचं निम्मं बरोबर आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक मृत्यूला रडणाऱ्या, दुसऱ्या वर्षी चिडचिड करणाऱ्या आणि मग 'सात नंबरचं सलाइन संपलंय' यापलीकडे काही न बोलणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या आहेत. तुझं तसं होऊ नये म्हणून बोलतात त्या. रोग त्यांनी नीट ओळखला आहे, औषध चुकलं आहे. जी 'सात नंबर' म्हणते ती दूर राहायला शिकलेलीच असते, आणि तरी थकलेलीच असते.

मी बरीच वर्षं सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात काढली, पुढे पॅलिएटिव्ह (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या) टीमबरोबर घरोघरी जाऊन शेवटच्या टप्प्यातले रुग्ण पाहिले. त्यावरून माझं मत असं झालं आहे की करुणा मनात आणायची म्हटली की माणूस फसतो. ती हातांनी करायची गोष्ट आहे. मन मागून येतं. कधी येतही नाही, तरी चालतं. पहाटे तीनला चौथ्यांदा बेडपॅन मागणाऱ्या आजोबांबद्दल तुला त्या क्षणी माया वाटलीच पाहिजे, असा कुठे नियम नाही. स्टीलचं बेडपॅन गार पडलंय तर त्यावरून गरम पाणी फिरवलंस का, पडदा ओढलास का, आणि 'परत?' हा शब्द तोंडातून निघाला नाही ना, एवढं बघ.

यामागे थोडं शास्त्रही आहे. जर्मनीतल्या लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी काही लोकांना आधी दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या अंगावर जाणवून घेण्याचा सराव दिला आणि दुःखी माणसांच्या चित्रफिती दाखवल्या. लोक खचले. मग त्याच लोकांना त्या माणसाचं बरं व्हावं, त्याला आराम पडावा, अशी भावना धरण्याचा सराव दिला. दुःख तसंच दिसत होतं, पण आता त्यांना बळ वाटू लागलं, आणि मेंदूत जागे होणारे भागही वेगळे निघाले. म्हणजे 'मला त्यांचं दुखतंय' इथे अडकलेली नर्स लवकर मोडते. 'त्यांचं दुखणं कमी करायला आत्ता माझ्या हातात काय आहे' असं विचारणारी टिकते. सिनियर सिस्टर 'गुंतू नकोस' म्हणतात तेव्हा त्यांना पहिलं टाळायचं असतं, आणि त्या नादात दुसऱ्यालाही दार बंद होतं.

त्या काकूंचंच बघ. त्या गेल्या याचं दुःख होतंच, पण दोन दिवस सुचलं नाही ते कशामुळे? त्यांना धाप लागली होती आणि डॉक्टर फोन उचलत नव्हते म्हणून? मुलगी 'आई बरी होईल ना' विचारत होती आणि काय बोलावं कळत नव्हतं म्हणून? की कडेच्या खाटेवर केमोचं इंजेक्शन द्यायचं होतं म्हणून तिथून निघावं लागलं? मला भेटलेल्या बहुतेक मुलींच्या बाबतीत हे तिसरं कारण असतं. मरणापेक्षा अर्धवट सोडून यावं लागल्याची बोच जास्त दिवस राहते. आणि ती बोच सगळीच तुझी नाही. त्यावर पुढे बोलते.

आधी वेळेचं. 'एवढे पेशंट, बोलायला वेळ कुठे' हे मी जन्मभर ऐकलं आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. बारा तास, दोघी, ३० रुग्ण: हिशेब केला तर एकेकाच्या वाट्याला ४८ मिनिटं येतात, आणि त्यातच औषधं, इंजेक्शनं, चार्ट, ओव्हर (ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती) देणं-घेणं, फार्मसीशी भांडण सगळं. पण आपुलकीला लागणारा वेळ आपण समजतो त्याहून फार कमी आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये १९९९ साली एक अभ्यास झाला. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांबद्दल डॉक्टर बोलतात अशी चित्रफीत बायकांना दाखवली. काहींना दाखवलेल्या फितीत डॉक्टर दोन ठिकाणी थांबून 'हे कठीण आहे, मला कळतंय, आपण हे मिळून करू' अशा अर्थाचं बोलत होते. जास्तीचा वेळ सगळा मिळून साधारण ४० सेकंद. ती फीत पाहिलेल्या बायकांची धास्ती कमी झाली.

दुसरा अभ्यास कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयातला. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर काही रुग्णांशी उभ्याने बोलले, काहींशी खुर्ची ओढून बसून. बसले तेव्हा प्रत्यक्षात मिनिटभरच थांबले होते, रुग्णांना मात्र पाच मिनिटं थांबल्यासारखं वाटलं. उभ्याने त्याहून थोडा जास्त वेळ दिला, तरी रुग्णांना तो कमी वाटला. आपल्या वॉर्डात खुर्ची मिळणं हाच एक उपक्रम असतो, आणि बेडवर बसलं की मेट्रन (मुख्य परिचारिका) ओरडतात, तेही इन्फेक्शनच्या दृष्टीने बरोबरच. एक स्टूल मिळवून ठेव. सकाळचा बीपी उभ्याने घेण्याऐवजी स्टुलावर बसून घे. कफ फुगून उतरेपर्यंत तू नाही तरी तिथेच असतेस.

आणि त्या वेळात गप्प राहा. आपण फार लवकर बोलतो. १९८४ सालच्या एका प्रसिद्ध अमेरिकी अभ्यासात रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते. नर्सेसचं कुणी असं मोजलं असतं तर आपणही फार पुढे नसतो. 'कसं वाटतंय काका?' 'बरं आहे.' संपलं. हे विचारणं नव्हे, ही हजेरी झाली. त्याऐवजी 'रात्री किती वेळा जाग आली?' असं विचार. कशामुळे आली ते ते आपणहून सांगतात, आणि मग कळतं की दुखत नव्हतं, शेजारच्या खाटेवरचा माणूस गेल्यापासून डोळा लागत नाही.

नाव सांगायची सवय लाव. ब्रिटनमध्ये केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनाच कॅन्सर झाला, आणि २०१३ साली रुग्ण म्हणून खाटेवर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे आपलं नावच सांगत नाहीत. एवढ्याशा गोष्टीवर त्यांनी मोहीम उभी केली. २०१६ मध्ये त्या गेल्या, पण ब्रिटनच्या रुग्णालयांतली ती सवय राहिली. आपल्याकडे सगळ्याच सिस्टर, सगळे वॉर्डबॉय मामा, सगळ्या आया मावशी. रुग्णाला कळतच नाही की सकाळी सलाइन लावणारी आणि संध्याकाळी ओरडणारी एकच की दोन. 'मी अमुक, आज रात्री आठपर्यंत मी आहे,' यात 'आठपर्यंत मी आहे' हा भाग फार मोलाचा असतो.

तुम्ही त्यांना काय म्हणता तेही बघ. आजी, काका, मावशी म्हणायची आपली पद्धत गोड आहे, पण सगळ्यांना ती आवडते असं नाही. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंना 'ए आजी, आ करा' म्हटलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. पहिल्या दिवशी विचारावं, तुम्हाला काय म्हणू? 'बाई' म्हणा म्हणाल्या तर केसपेपरच्या कोपऱ्यात 'बाई' लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या ड्यूटीलाही कळेल.

ऑपरेशनला नेताना मंगळसूत्र काढायचा प्रसंग तुझ्यावर येतोच. डायथर्मीने (ऑपरेशनमध्ये विजेवर चालणाऱ्या उपकरणाने) भाजू नये म्हणून धातू अंगावर नको, हे आपल्याला माहीत. तिला मात्र 'काढा लवकर, गाडी आलीये' एवढंच ऐकू येतं, आणि हातातल्या बांगड्याही निघाल्या की ती गप्पच होते. तिथे दोन वाक्यं जास्त बोल. का काढायचं ते सांग. नवऱ्याच्या किंवा सासूच्या हातात तिच्या डोळ्यांदेखत दे, वहीत सही घे. काळे मणी दोऱ्यात ओवून गळ्यात ठेवता येतात का ते ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) सिस्टरना आधीच विचारून ठेव. बहुतेक ठिकाणी चालतं. अशी बाई टेबलावर शांत जाते. भूल देणारे डॉक्टर तुला धन्यवाद म्हणणार नाहीत, पण तिची नाडी त्यांना सांगेलच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे करुणेच्या लेक्चरमध्ये फारसं सांगत नाहीत: वेदना. कॅन्सर वॉर्डात गोड बोलणारी पण दुखण्याचा चार्ट न भरणारी नर्स मला अजिबात दयाळू वाटत नाही. दुखणं थांबल्याशिवाय बाकी सगळं वरवरचं. 'शून्य ते दहा' हे आपल्या आजोबांना जमत नाही, नाही तर नाही. 'रुपयात किती आणे दुखतं?' विचार. 'काल बारा आणे होतं, आज सहा आणे' हे उत्तर क्षणात येतं, आणि ते तितकंच पक्कं असतं.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. त्यांनी धरलेला आग्रह आजही आपल्या वॉर्डांत पाळला जात नाही: दुखायला लागल्यावर औषध द्यायचं नाही, दुखणं परत यायच्या आधी घड्याळावर द्यायचं. तोंडाने घ्यायची साधी मॉर्फिन असेल तर दर चार तासांनी, झोपमोड नको म्हणून डॉक्टर बऱ्याचदा झोपतानाची मात्रा वाढवून लिहितात, आणि जोडीला पोट साफ होण्याचं औषध हवंच हवं, कारण बद्धकोष्ठ हटकून होतो. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी असते, ती बहुधा ओसरते. हे नातेवाइकांना तू आधी सांगितलंस तर गुंगी बघून ते गोळी बंद करणार नाहीत. 'मॉर्फिन चालू केलं म्हणजे आता संपलं' ही भीती घरोघरी आहे, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरांतही आहे. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, आणि १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळत नव्हतं. केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ मध्ये तो कायदा बदलला आणि परवानगीचं काम सोपं झालं. तुमच्या रुग्णालयाला परवानगी आहे का, नसेल तर का नाही, हे विचारणं मी करुणेतच धरते.

सुट्टी मिळाली तर मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन बघून ये. १९८६ मध्ये सुरू झालेलं हे भारतातलं पहिलं हॉस्पिस. गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा आहे. पुण्याजवळ असशील तर वारज्याचं सिप्ला फाउंडेशनचं केंद्र आहे, १९९७ पासूनचं. तिथे कुणी चमत्कार करत नाही. तोंडाची निगा, दर दोन तासांनी कूस बदलणं, जखमेच्या वासावर उपाय, हेच चालतं, पण ते न चुकता चालतं. ते 'न चुकता' एकदा डोळ्यांनी बघायला हवं.

'पेशंटला सांगू नका हं सिस्टर, त्यांना गाठ आहे एवढंच माहितीये.' हे तुला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावं लागत असेल. बहुधा थोरला मुलगा असतो, जिन्याजवळ गाठतो. त्याला खोटारडा समजू नकोस. बापाला धक्का बसू नये, ही त्याची माया आहे. पण आत बाप तुला विचारतो, 'सिस्टर, हे पोरगं काही सांगत नाही, मी वाचणार का?' आणि मग दोघं एकमेकांपासून लपवत शेवटचे महिने घालवतात. शेताचं, पोरीच्या लग्नाचं, कुणाशी तरी अबोला होता त्याचं, काहीच बोलून होत नाही.

निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे, ते तू अंगावर घेऊ नकोस. पण खोटं बोलणं हेही तुझं काम नाही. मुलाला सरळ सांगता येतं: 'मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, मी त्यांना विचारेन की तुम्हाला काय वाटतंय.' मग पुढचा प्रश्न: 'त्यांना काहीच अंदाज नसेल असं तुम्हाला वाटतं का?' इथे बहुतेक मुलं थांबतात. टाटा हॉस्पिटलचा पास खिशात असलेल्या माणसाला कळलेलं नसेल, असं त्यांनाही वाटत नसतं. बापाने विचारलं की, 'तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?' हा प्रश्न टाळाटाळीचा वाटतो, पण तसा तो नाही. उत्तर ऐकायला तू थांबलीस तर नाही. 'मला वाटतं आता फार दिवस नाहीत' असं कुणी म्हणालं की घाईने 'असं बोलू नये' म्हणू नकोस. 'हे तुमच्या मनात कधीपासून आहे?' विचार, आणि राऊंडच्या आधी डॉक्टरांना कळव की हे बोलायला तयार आहेत. 'काही होत नाही, धीर धरा' हे वाक्य तर मी बंदच करायला सांगेन. ते ऐकल्यावर रुग्ण धीर धरत नाही, बोलणं बंद करतो.

आता 'संपलीस' या भीतीबद्दल. इतकी माया लावून माणूस टिकतो का? याला आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच पेशात घडलेलं उदाहरण आहे, आणि नर्सिंगच्या प्रत्येक मुलीने ते नीट समजून घ्यावं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. त्या परत कधी भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या न्यूमोनियाने गेल्या, तोवर म्हणजे ४१ वर्षांहून जास्त काळ केईएमच्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या अंगावर बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) नव्हते. ज्या नर्सने कधी एका रुग्णाची पाठ महिनाभर सांभाळली आहे तिलाच याचा अर्थ कळेल. २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांचं तोंडभरून कौतुक केलं आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क याचिका करणाऱ्या लेखिकेला न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला.

त्या निकालाबद्दल, त्या जगण्याबद्दल तुझी-माझी मतं वेगळी असू शकतील. माझीही पुरती ठरलेली नाहीत. पण मला यातून दिसतं ते असं: हे कुणा एका देवमाणसाने केलं नाही. १९७३ मध्ये ज्या जन्मल्याही नव्हत्या त्या मुलींनी शेवटी त्यांना भरवलं. एकीने दुसरीला ओव्हर दिली, तिने तिसरीला. आज काय खाल्लं, कुठल्या आवाजाने बिथरल्या, कुठल्या कुशीवर शांत राहिल्या, हे सांगितलं गेलं असणार. माया रजेवर गेली नाही कारण ती एकीच्या नावावर नव्हती, ड्यूटीच्या तक्त्यावर होती. पालखीसारखंच हे: खांदा बदलत राहिला म्हणूनच ती पुढे जाते.

म्हणून तुझ्या ओव्हरमध्ये एक वाक्य वाढव. 'बारा नंबर, सीए ब्रेस्ट, आयव्ही चालू, लघवी झाली' याला जोडून 'मुलीची दहावीची परीक्षा आहे, आज पेपर होता, संध्याकाळी फोन लावून द्या.' बस. ती काळजी आता तुझ्या एकटीची राहिली नाही. तू घरी गेल्यावर फोन कुणीतरी लावून देणार आहे. तुझ्या सिनियर सिस्टरही याला नाही म्हणणार नाहीत, कारण यात गुंतणं कमी आणि काम जास्त आहे.

आता ती राहून गेलेली बोच. ३० कॅन्सर रुग्णांना रात्री दोघी, ही संख्या तू ठरवलेली नाहीस. भिंतीवर 'हसतमुख सेवा' असा फलक लावून नर्सेस अर्ध्या ठेवणाऱ्या व्यवस्थेने करुणेवर लेक्चर ठेवलं की मला राग येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितलं की अगदी ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिन्याला किमान २०,००० रुपये मिळायला हवेत. तुझ्या बॅचच्या किती जणींना मिळतात, विचारून बघ. 'सेवाभाव' हा शब्द पगाराच्या चर्चेत निघाला की सावध व्हावं. कमी नर्सेसमुळे जे राहून गेलं ते तारीख-वेळेसह रिपोर्ट बुकात लिही, भाषा कोरडी ठेव. 'पहाटे २.१० ला डॉक्टरांना कळवलं, ३.०५ ला आले.' असं लिहिलेलं वर्षभर साठलं की मेट्रनना वर भांडायला काहीतरी हातात येतं.

आणि करुणा म्हणजे सहन करणं नव्हे, हेही सांगून ठेवते. नातेवाइकांचा राग बऱ्याचदा बिलाचा, भीतीचा आणि कुणी काही सांगत नाही याचा असतो. त्यातला बोलणारा एक माणूस निवडून बाजूला नेला, बसवला, पाणी दिलं, माहिती दिली की निम्मा उतरतो. पण हात उचलला, किंवा रुग्णाने नको तिथे हात लावला, तर तिथे समजूतदारपणाचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात २०१० पासून आरोग्यसेवकांवरच्या हिंसेविरुद्ध कायदा आहे. एकटी थांबू नकोस, मामांना हाक मार, सिक्युरिटी बोलाव, लेखी तक्रार कर.

घरी जाऊन रुग्ण सांभाळणाऱ्या केअरटेकर मुलींची अवस्था याहून बिकट असते. वॉर्डात निदान दुसरी सिस्टर असते. चोवीस तासांच्या कामावर एका फ्लॅटमध्ये एक आजारी म्हातारा आणि ती, तिसरं कुणी नाही, झोप तुकड्यातुकड्यांची. डिस्चार्जच्या वेळी घरच्यांना डायपर आणि राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) समजावून सांगतेस तेव्हा 'मावशींना रात्री सलग झोप कोण देणार?' हेही विचारत जा. हाच प्रश्न सुनेबद्दलही. आपल्याकडे 'घरी बघायला माणूस आहे' म्हणतात तो माणूस शंभरातल्या बहुतेक घरांत सून नाही तर बायकोच असते.

मृत्यूनंतरचं थोडं. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले जोनाथन बार्टल्स नावाचे नर्स रुग्ण गेल्यावर सगळ्यांना काही क्षण शांत उभं राहायला सांगू लागले. पुढे ही पद्धत अनेक रुग्णालयांनी घेतली. आपल्या वॉर्डात तेवढी शांतता मिळणं कठीण, पण मॉनिटर बंद करून, ट्यूबा काढून, अंग पुसताना ते आपोआप होतं, मावशींवर सगळं सोपवून निघून गेलो नाही तर. गेलेल्या माणसाचे डोळे मिटव, हनुवटीला पट्टी बांध, केस सारखे कर, मगच घरच्यांना आत बोलाव. तुळशीपत्र, गंगाजल आणलंय का विचार. मुस्लिम कुटुंब असेल तर चेहरा किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला) करायचा असतो, बाईच्या अंगाला शक्यतो बाईनेच हात लावायचा. त्यांना विचारून कर. 'बॉडी' हा शब्द त्यांच्यासमोर नको, नाव घे. रडू आलं तर येऊ दे. घरच्यांना तुझं सांत्वन करावं लागू नये, इतकंच. मग सोबतच्या सिस्टरशी त्या माणसाबद्दल पाच मिनिटं बोल. त्याच्या आजाराबद्दल नको. तो कसा चिडायचा, चहात साखर किती मागायचा, ते बोल.

दोन दिवस सुचलं नाही याची काळजी करू नकोस. काळजी करायची ती दुसऱ्या गोष्टींची: ड्यूटीला निघताना पोटात गोळा येऊ लागला, रुग्ण दुखतंय म्हणाला की 'नाटकं' असं मनात येऊ लागलं, झोप गेली, किंवा कुणीही गेलं तरी काहीच वाटेनासं झालं आणि हे काही आठवडे टिकलं, तर वॉर्ड बदलून माग आणि समुपदेशकाला भेट. कमीपणा वाटून घेऊ नकोस. कॅन्सर वॉर्डातून काही काळ प्रसूती विभागात गेलेल्या आणि मग परत आलेल्या कितीतरी चांगल्या सिस्टर मला माहीत आहेत.

राहिला मोबाइल नंबर. स्वतःचा देऊ नकोस. रात्री अकराला 'बाबांना ताप आलाय, कुठली गोळी देऊ' असा फोन येईल, तू केसपेपर न बघता उत्तर देशील, आणि त्यात रुग्णाचाच धोका आहे. नंबर नाही म्हणताना 'रुग्णालयाचा नियम आहे' एवढ्यावर थांबू नकोस, वॉर्डचा लँडलाइन नंबर कागदावर लिहून दे आणि कुठल्या वेळी फोन केला तर नीट बोलता येईल ते लिही. ज्यांच्याकडे मृत्यू झाला त्या घरी मेट्रनची परवानगी घेऊन तेराव्यानंतर वॉर्डच्या फोनवरून एक फोन कर. पाहुणे गेलेले असतात, घर रिकामं झालेलं असतं, आणि शेवटच्या रात्रीबद्दल एखादी शंका मनात राहिलेली असते: दुखत होतं का, मी बाहेर चहाला गेले तेव्हा त्यांनी हाक मारली का. त्याचं उत्तर तिथे असलेली माणसंच देऊ शकतात. काकूंच्या मुलीलाही करायला अजून उशीर झालेला नाही. फोन करायच्या आधी केसपेपर काढून त्या रात्रीच्या नोंदी एकदा वाचून घे, म्हणजे तिने वेळ विचारली तर अंदाजाने सांगावं लागणार नाही.